सॉरी म्हणून टाक

गादीच्या डाव्या कोपऱ्याशी नासीरचा हात थांबला. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं, मग नुसत्या बोटांच्या टोकांनी चाचपलं. जुना कापूस दगडासारखा झाला की त्याच्या गाठी कशा लागतात, हे त्याच्या बोटांना झोपेतही कळलं असतं. ही गाठ नव्हती. वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं आणि दाबलं की कापसातल्या कापसात सरकत होतं. उसवायचं पातं दुसऱ्या हातात तयार होतं, ते त्यानं खाली ठेवलं.

समोर आपल्या लोडिंग रिक्षाला टेकून वना तंबाखू मळत उभा होता. पारोळ्याच्या बाजारपेठेतला माल इकडून तिकडे नेऊन टाकणं हा त्याचा धंदा, आणि मालाबरोबर निरोपही पोचवायचा ही त्याची हौस. आताही गादी उतरवता उतरवता त्यानं रुपचंदशेठचा निरोप सांगून टाकला होता.

"शेठनी सांगेल शे, सॉरी, गादी धाडाले यंदा उशीर व्हयना. आखाजीना पहिले पिंजी द्या म्हने."

तो निरोप ऐकला तेव्हाच नासीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. होळीच्या आधीपासून तो त्या माणसाच्या तोंडून त्या एका शब्दाची वाट पाहत होता. रस्त्यात समोरासमोर आले तरी शेठ हात वर करून, हसून, पुढं निघून जात होता. आणि आज शब्द आला, तोही वनाच्या तोंडून, गादीला उशीर झाला म्हणून. गादी परत पाठवून द्यावी असं नासीरच्या मनात आलं होतं. पण वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आणि समोर वना, म्हणून तो मुकाट्यानं खाली बसला होता.

पिंजायच्या मशीनमध्ये कापूस घालण्याआधी गादी हातानं चाचपून घ्यायची, हा त्याचा नेम होता. टाचणी, केसांची पिन, लहान मुलाची गोटी, काहीही आत राहिलं तर मशीनच्या दात्यांवर ठिणगी उडते आणि कापसाला एक ठिणगी पुरते. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत चढलेला डाग हा नेम मोडल्या दिवसाचा होता. त्यामुळे गादी कोणाचीही असो, आधी हात, मग पातं. कापडदुकानाची गादी तर हमखास काहीतरी देतेच. बायका तिच्यावर तासन् तास बसतात, उठतात, पोरं तिच्यावर लोळतात.

वाटाण्याएवढं आणि टणक. ते काय आहे, हे आत न बघताच नासीरला कळलं.

रुपचंदशेठच्या दुकानात अजून जुनी पद्धत होती. भिंतीला लागून लांबलचक गाद्या, वर पांढरी चादर, आणि लग्नाचा बस्ता फाडायला आलेलं अख्खं घर त्यावर मांड्या घालून बसायचं. बारावीनंतर मिसबाह त्या दुकानात लागली. नासीरची ही धाकटी पोर. चुणचुणीत होती, हिशोबाला पक्की होती आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून हव्या त्या रंगाची घडी उलगडायची. शेठही खूश होता. तिथं तिला शिकवलेला पहिला धडा सॉरीचा होता, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याची नक्कल करून दाखवायची. साडी आणायला वेळ लागला, सॉरी मॅडम. तो रंग संपला, सॉरी. पंख्याच्या घरघरीत बाई काय बोलल्या ते कळलं नाही, तर मान वाकडी करून, शेवट वर उचलून, सॉरी? भाव कमी होणार नाही हे सांगायचं तर गालात हसून, सॉरी हं. बाईंचा पाय आपल्या पायावर पडला तरी सॉरी म्हणायचं ते आपणच. "आज साड्यांपेक्षा सॉरीच जास्त खपलं, अब्बा," असं म्हणून ती भाकरी मोडायला बसायची आणि तिची आई सलीमा पदराआड हसत राहायची.

नासीरनं एकदा तिला विचारलं होतं की बाई, याचा खरा अर्थ तरी काय. ती म्हणाली होती, ज्या वेळी जो लागेल तो. तेव्हा नासीरला आपल्या बापाची आठवण झाली. धुळ्याच्या दवाखान्यात आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आला होता, चष्मा काढून त्यानं हातात घेतला होता आणि एवढं एकच म्हणाला होता. नासीरला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या दिवशी तो शब्द त्याला समजला होता. हे सांगितल्यावर मिसबाहची नक्कल थांबली होती. मग म्हणाली होती, ते खरं होतं, अब्बा.

होळीच्या आधी धुळ्याहून एक मोठं घर बस्त्याला आलं. सकाळपासून दुपारपर्यंत मिसबाह त्यांच्यापुढं साड्या उलगडत होती. उठायच्या वेळी नवरीच्या मावशीच्या ध्यानात आलं की एका कानातलं सोन्याचं फूल नाही. चादरी झटकल्या, साड्यांचे ढीग हलवले. मग सगळ्यांच्या नजरा जिकडे वळायच्या तिकडे वळल्या, कारण सगळ्यात जवळ बसलेली तीच होती. आतल्या खोलीत तिची पिशवी उलटी केली, ओढणी झटकायला लावली, डबाही उघडून बघितला. काही मिळालं नाही. मावशी रडायला लागल्या, लग्नघरची माणसं आवाज चढवायला लागली. तेव्हा रुपचंदशेठनं मिसबाहला बाजूला घेऊन, अगदी बापाच्या मायेनं, सांगितलं की सॉरी म्हणून टाक, विषय मिटव. सगळं दुकान बघत होतं. तिनं म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. सॉरी बेटा, सध्या काही दिवस राहू दे. एवढंच. पोलिसांत गेलो नाही हे उपकार त्यानं बाजारात चार जणांना स्वतःहून सांगितले. मग मिसबाह दुसऱ्या दुकानांच्या पायऱ्या चढली. साड्यांचं दुकान, रेडिमेडचं दुकान, शेवटी भांड्यांचंही. सगळीकडे तिला सॉरी मिळालं. जागा नाही, सॉरी. ज्या दुकानाच्या दारावर मुलगी पाहिजे अशी पाटी होती, तिथंही.

नासीर रुपचंदवर चिडला, त्या धुळ्याच्या माणसांवर चिडला, बाजारावर चिडला आणि सगळ्यात आधी पोरीवर चिडला. न केलेल्याचं सॉरी म्हणालीसच का, हे त्यानं तिला दहा वेळा तरी विचारलं असेल. पहिल्यांदा तिनं सांगितलं की शेठ म्हणाले आणि सगळे बघत होते. पुढं पुढं ती उत्तर द्यायची बंद झाली. त्याला तेही लागलं. आपली पोर अशी कशी नमली, म्हणून तो स्वतःशीच धुमसत राहायचा आणि तो राग मशीनवर, वनावर, बिचाऱ्या सलीमावर निघायचा.

आणि आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तो बघतच नव्हता. बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मिसबाह नळावर पाण्याला गेली होती. सलीमा शेजारी गेली होती. नासीर खोलीत गेला. तिच्या अंथरुणावर तिची उशी होती. ती त्यानंच भरली होती, निवडून काढलेल्या लांब धाग्याच्या कापसानं, ती बारावी झाली तेव्हा. तो खाली बसला आणि गादी चाचपावी तशी त्यानं ती उशी चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोपऱ्यांसकट. मान वर केली तर दारात मिसबाह पाण्याची कळशी घेऊन उभी होती. कळशी ठेवून पुन्हा नळावर गेली. त्या दिवसापासून ती उशी ट्रंकेवर पडून आहे आणि ती हातावर डोकं ठेवून झोपते. उकाड्यामुळे असेल, असं नासीरनं स्वतःला सांगितलं होतं.

आता ही गादी त्याच्यापुढं होती.

पातं लावलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. पण इथं, आपल्या दुकानात, आपल्या हातानं उसवली आणि आतून ते फूल निघालं, तर लोक काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. पोरीनं नेलं, बोभाटा झाला, म्हणून बापानं गादीत सापडल्याचं नाटक करून परत केलं. रुपचंदही हेच म्हणाला असता, आणि वर सॉरी म्हणाला असता.

बापाच्या वेळी असा प्रश्नच पडत नव्हता. बाप खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा, आणि गादी ज्याची त्याच्याच अंगणात उसवायचा. मालकासमोर उसवायचं, मालकासमोर भरायचं, हा त्याचा कायदा होता. कापूस बदलला असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून. मशीन आलं, तसे कापूस आणि मालक दोघंही एकमेकांना दिसेनासे झाले.

"वना, आठे ये. हात लाव."

वनानं तंबाखू दाढेखाली ठेवली, हात पँटीला पुसले आणि गादीचा कोपरा दाबला.

"कायतरी टनक शे," तो म्हणाला. मग त्याची बोटं थांबली. बस्त्याची गोष्ट त्यालाही ठाऊक होतीच. चार गल्ल्यांत ती त्यानंच पोचवली असेल. त्यानं नासीरकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"मी काही बोलत नाही आणि तूही बोलू नकोस," नासीर म्हणाला. "गादी जशी आणलीस तशी रिक्षात भर. परत जायचं."

आत सलीमा आणि मिसबाह नव्या गाद्यांच्या खोळी शिवत होत्या. नासीर दारात गेला आणि मिसबाहला म्हणाला, चल माझ्याबरोबर, शेठकडे. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. मला नाही यायचं, एवढंच म्हणाली. का, कशाला, काहीही विचारलं नाही. तिनं विचारावं असं नासीरला फार वाटत होतं. तो तसाच उभा राहिला, मग पातं खिशात टाकून रिक्षात गादीवर जाऊन बसला.

दुकानात एका बस्त्याची गर्दी होती. आखाजी, लग्नसराईतली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, पायऱ्यांवर चपलांचा खच पडलेला. वनानं आणि त्यानं गादी उचलून थेट आत नेली आणि मधल्या मोकळ्या जागेत, माणसांच्या पुढ्यात टाकली. धूळ उडाली. कोणीतरी पदर नाकाला लावला. गल्ल्यावरून रुपचंदशेठ अर्धा उठला.

तो हसतच होता. त्यानं सांगून पाहिलं की सॉरी, नासीरभाई, आता गिऱ्हाईक आहे, गादी मागं गोडाऊनमध्ये ठेवा, संध्याकाळी बोलू. नासीरनं ते कानाआड टाकलं. तो गादीपाशी बसला, खिशातलं पातं काढून चादरीवर ठेवलं आणि म्हणाला की ही गादी इथंच उसवायची, तुमच्यासमोर.

"हे काय नवीन?"

"जुनंच आहे," नासीर म्हणाला. "या कोपऱ्याला हात लावा."

शेठ गल्ल्याबाहेर आला, कारण आता लोक बघत होते आणि न येणं बरं दिसलं नसतं. गुडघ्यावर हात ठेवून तो वाकला. भिंतीकडचा तो कोपरा मागल्या वर्षीच बोटभर उसवलेला होता. खोळ बदलून घ्या असं नासीरनं तेव्हा सांगितलं होतं, आणि सॉरी, या वर्षी राहू दे, असं शेठनं म्हटलं होतं. शेठनं कोपरा दाबला. पुन्हा दाबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"तुमच्याच हातानं काढा," नासीर म्हणाला आणि पातं त्याच्यापुढं सरकवलं. "मी हात लावणार नाही. वना इथं उभा आहे, मीही उभा राहतो."

तो खरोखर उठून उभा राहिला आणि दोन्ही हात त्यानं पाठीमागं बांधले. शेठला उसवता येत नव्हतं. पातं आडवं धरून त्यानं खोळच टरकावली. काळपट, पिवळा पडलेला कापूस बाहेर आला, त्याबरोबर बटण आलं, चॉकलेटचा कागद आला, आणि मग कापसाच्या पुंजक्यात गुंतलेलं सोन्याचं छोटं फूल आलं. शेठनं ते तळहातावर घेतलं. पलीकडच्या काउंटरवर काम करणारी दिपमाला, जिनं त्या दिवशी मिसबाहची पिशवी उलटी केली होती, हातातली साडी तशीच छातीशी धरून उभी राहिली.

त्यानंतर सॉरी नुसतं वाहायला लागलं. शेठनं नासीरचे दोन्ही हात हातात घेतले आणि सॉरी म्हणाला. बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून, मध्येच खोळंबा झाला म्हणून सॉरी म्हणाला. मग लगेच फोन काढून त्यानं धुळ्याला लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"सॉरी मॅडम, तुम्हाला फार त्रास झाला. सापडलं. गादीत होतं हो, आमच्याच गादीत. पाठवून देतो."

पलीकडून आनंदाचे आवाज आले, देवाचं नाव आलं, लग्न छान झाल्याचं आलं. शेठनं फोन ठेवला आणि खिशात टाकायला लागला.

"पोरीचं नाव नाही घेतलंत," नासीर म्हणाला.

"अरे, त्यांना आता काय... कळलंच ना. गादीत सापडलं म्हटलं ना मी."

"मिसबाहनं घेतलं नव्हतं. एवढं म्हणा. इथंच म्हणा, मोठ्यानं."

नासीरचा आवाज चढला नव्हता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. वना हळूच त्याच्या जवळ सरकला. बस्त्याच्या माणसांतल्या एका म्हाताऱ्या आबांनी, काय भानगड आहे हे न कळताही, म्हणून टाका शेठ, असं सांगितलं. रुपचंदनं हात जोडले. तिनं घेतलं नव्हतं, आमची पोर आहे ती, असं तो मोठ्यानं म्हणाला. सॉरी, नासीरभाई, मनापासून सॉरी. उद्यापासून पाठवा तिला. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी चहा सांगितला. तो यायच्या आतच पुन्हा साड्या उलगडायला लागल्या आणि फाटलेली गादी लोकांनी पायानंच बाजूला सरकवली.

नासीर चहाला थांबला नाही. परत जाताना तो रिक्षात वनाच्या शेजारी बसला. किल्ल्याच्या खंदकाशी आल्यावर वनानं एकदा त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. नासीरला कोणीतरी डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखं वाटत होतं. घरी जाऊन कसं सांगायचं, याची तो मनात जुळणी करत होता. आधी कोपरा दाबल्यावरचा शेठचा चेहरा सांगायचा. मग दिपमाला. मग भर दुकानात, सगळ्यांसमोर. त्याला वाटलं, आता मिसबाह हसेल. शेठची नक्कलही करून दाखवेल.

सलीमानं सगळं ऐकून घेतलं, तोंडावर पदर घेतला आणि रडली. मग डोळे पुसून शेजारी सांगायला निघाली. इतके दिवस त्या घरासमोरून ती खाली मान घालून जात होती. मिसबाह शिवणाच्या मशीनवर बसूनच ऐकत होती. तिनं पायाखालचं पायडल थांबवलं होतं, एवढंच.

"भर दुकानात सॉरी म्हणाला," नासीरनं पुन्हा सांगितलं. "दोनदा. तीनदा म्हणाला असेल."

"कोणाला?"

"मला." तो थांबला. "धुळ्याच्या बाईंना. दुकानात बसलेल्या लोकांना."

"हं."

"उद्यापासून ये म्हणालाय."

"तिथं मी जाणार नाही, अब्बा."

नको जाऊस, नासीर म्हणाला. आता दुसरीकडे कोणीही घेईल, तू म्हणशील तिथं. तो आणखीही बरंच बोलला असता. त्या दिवशी तू सॉरी म्हणायला नको होतंस, हेही त्याच्या जिभेवर आलं होतं. आता तर ते म्हणायचा पूर्ण हक्कच आहे असं त्याला वाटत होतं. पण मिसबाह उठली आणि आतल्या खोलीत गेली. ट्रंकेवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उशी होती. इतके दिवस पडून तिच्यावर धूळ बसली होती. ती नासीरसमोर खाली बसली, उशी दोघांच्या मध्ये ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"ही पण उसवा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

नासीर तिच्याकडे बघायला गेला, पण ती उशीकडे बघत होती. तिचा आवाज दुकानातला नव्हता, घरातलाही नव्हता. रुपचंदला पातं सरकवताना त्याचा स्वतःचा जो आवाज होता, तो होता.

उशीत काही नाही, बेटा, असं तो कसंबसं म्हणाला.

"तुम्ही उसवली कुठं होती? वरूनच चाचपली होती."

त्यानं खिशातून पातं काढलं. उशीची शिवण त्याचीच होती, बारीक, जवळ जवळ घातलेली, कधी उसवायला लागू नये म्हणून घातलेली. एकेक टाका तो तोडत गेला. कापूस पांढरा होता, अजून तसाच हलका होता. मूठ मूठ काढून तो चादरीवर ठेवत गेला, आणि ती बघत होती म्हणून प्रत्येक मूठ बोटांनी विंचरत गेला. रुपचंदच्या गादीतून निघालं तसं बटणही नव्हतं, कागदही नव्हता. वाऱ्यानं काही पुंजके उडून मशीनच्या पायाशी गेले. नेहमी अशा वेळी मिसबाह धावत जाऊन ते गोळा करायची. आज ती जागची हलली नाही.

सॉरी म्हणावं असं त्याला वाटलं. तो शब्द त्याच्या तोंडात आलाही होता. पण आज दुपारभर त्यानं तो इतक्या वेळा ऐकला होता, चहासारखा वाटला जाताना बघितला होता, की पोरीपुढं तोच ठेवायला त्याची जीभ रेटेना. माफीचा दुसरा शब्द त्याच्यापाशी होता, तो नमाजात रोज तोंडी यायचा. पण बापानं मुलीला तो म्हटल्याचं त्यानं आपल्या उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यानं रिकामी खोळ उलटी करून झटकली आणि तिच्यासमोर धरली.

"कोपऱ्यातही बघा," मिसबाह म्हणाली.

त्यानं खोळ सुलटी केली, आत हात घातला आणि कोपरे चाचपले. चारही कोपरे चाचपून झाले, तरी त्याला हात बाहेर काढवेना.